खाजणातले प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी): नमुना घेण्याआधी

गोव्यातल्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, मानशीजवळचं (भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळचं) आणि आतल्या टोकाचं पाणी एकच समजू नका. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाची आणि तळाची क्षारता (पाण्याचा खारेपणा) वेगळी मोजा. पावसाळ्यात गोडं पाणी वर तरंगतं. ५ पीपीटीखाली (हजार भागांत ५ भाग मीठ) रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वळण्यावरून क्षारता सांगणाऱ्या उपकरणावर, विसंबू नका, तिथे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा वाहकतामापकच हवा.

गोड्या पाण्यात डॅफ्नियासारखे मोठे जलपिसू (पिसवेसारखे दिसणारे इवले कवचधारी प्राणी) शैवाल फस्त करतात. क्षारता थोडी वाढली तरी ते मागे पडतात आणि कोपेपॉड (इवले कवचधारी प्राणी) व त्यांच्याहून बारीक रोटिफर उरतात. त्यामुळे ‘डॅफ्निया नाही, म्हणजे प्रदूषण’ असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

पाणवनस्पतींबाबत पुस्तकी समज असा, की त्या प्लवकांना माशांपासून आडोसा देतात. थंड प्रदेशातल्या गोड्या तळ्यांत हे बरंचसं खरं. आपल्याकडे मात्र लहान मासे आणि कोळंबीची पिल्लंही त्याच झुडपात दडतात, मग आडोसा कसला! म्हणून हायड्रिला किंवा रुप्पिया या पाणवनस्पतींच्या गर्दीत आणि उघड्या पाण्यात वेगवेगळे नमुने घ्या, दिवसा आणि रात्रीही.

झाडीत जाळं ओढू नका. ते तुंबतं, आणि पानांना चिकटलेले किडेच जास्त येतात. रुंद नळी उभी बुडवून १० ते २० लिटर पाणी काढा आणि ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीतून गाळा. १५० मायक्रॉनच्या जाळीतून बहुतेक रोटिफर निसटतात, मग आकडे कोपेपॉडच्या बाजूला झुकतात. साखर घातलेल्या ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये नमुना ठेवा. साखरेमुळे जलपिसूंची अंडी गळून पडत नाहीत. बाटलीवर क्षारता पेन्सिलीनेच लिहा.