संपादणूक आणि संपत्ती : धातू एकच

विचारणा अशी आहे : 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीवरच्या लेखात 'सामाजिक पार्श्वभूमी आणि शैक्षणिक संपादणूक' असं वाचलं. संपादन म्हणजे मजकूर तपासून नीट करणं ना? मग सरळ 'गुणवत्ता' का लिहीत नाहीत?

कृपा करून लिहू नका! ही गल्लत ऐकून कान किटले. गुणवत्ता मुलाच्या अंगची. चाचणीत दिसतं ते पंधराव्या वर्षापर्यंत त्याच्या पदरात काय पडलं एवढंच; तीच संपादणूक. 'ज्ञान संपादणे' आपण म्हणतोच, त्याला वागणूक-करमणुकीतला 'णूक' लागला. 'हा सरकारी शब्द' असं म्हणून जे 'उपलब्धी' सुचवतात, त्यांचं मला साफ अमान्य आहे. मराठीत उपलब्ध म्हणजे हाताशी असलेलं. आणि 'सोंग संपादणे' हा प्रयोग कुठल्याही शिक्षण खात्याहून जुना आहे.

खरी मौज धातूत आहे. संस्कृत 'पद्' म्हणजे जाणं, पडणं. 'सम्' जोडला की जुळून येणं, लाभणं. त्यातून संपत्ती, संपन्न. त्याचंच प्रयोजक रूप म्हणजे घडवून आणणं, मिळवणं; त्यातून संपादन, संपादणूक. संपत्ती लाभते, संपादणूक करावी लागते, आणि दोघींचं मूळ एक! 'उत्' लावा, उत्पन्न. 'निस्' लावा, 'अध्ययन निष्पत्ती'तली निष्पत्ती. 'वि' लावा, विपत्ती. घरची स्थिती आणि मुलाचं शिकणं यांची नाती सांगणारे इतके शब्द एका धातूच्या पोटी जन्मावेत, याचा मला दर वेळी नव्यानं आनंद होतो.

आता २०२२च्या पिसाचे आकडे घ्या. ओईसीडी (पिसा चाचणी घेणारी, मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) देशांच्या सरासरीत, गणितात सर्वांत सुस्थितीतल्या पाव हिश्शातली मुलं आणि सर्वांत वंचित पाव हिश्शातली मुलं यांच्यात ९३ गुणांचं अंतर होतं. हे 'गुणवत्तेतलं अंतर' म्हटलंत की वंचित घरातलं मूल मुळातच उणं ठरतं. आकडे तसं म्हणत नाहीत : गुणांतल्या एकूण तफावतीपैकी साधारण १५ टक्केच पार्श्वभूमीशी जोडता येते, आणि वंचितांपैकी सुमारे १० टक्के मुलं आपापल्या देशात गुणांच्या वरच्या पाव हिश्शात पोचतात.

'गरीब-श्रीमंत' हेही टाळा. पार्श्वभूमी मोजणाऱ्या पिसाच्या निर्देशांकात कुटुंबाचं उत्पन्न थेट धरत नाहीत. आईवडिलांचं शिक्षण, त्यांचा व्यवसाय आणि घरातली पुस्तकं व इतर वस्तू धरतात.