एफडी मोडू नका, पण आईची सही आत्ताच घ्या

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. आईचं वय ७१. स्तनाच्या कर्करोगासाठी दर २१ दिवसांनी एक अशा आठ केमो सांगितल्यात. आरोग्य विमा नाही. तिच्या नावावर सहा लाखांची तीन वर्षांची एफडी आहे, व्याज ७ टक्के, मुदत भरायला पाच महिने. ती मोडू की चार लाखांचं पर्सनल लोन काढू?

उत्तर : दोन्ही नको. चार लाख १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला साधारण १३,६७० रुपये हप्ता आणि एकूण व्याज ९२ हजारांच्या घरात. त्यात तुमची रजा बिनपगारी व्हायला लागली की तो हप्ता फार जड जाईल.

आधी आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, काढा. सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. आयुष्मान ॲपवर आधार केवायसीने कार्ड निघतं. रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. तिथल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा : कॅन्सर विभाग योजनेत आहे का, आणि डॉक्टरांनी लिहिलेली औषधं पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने ठरवलेल्या खर्चात, बसतात का? गडबड बहुतेक इथेच होते.

उरलेल्या खर्चासाठी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. दोन लाख पाच महिने ८ टक्क्यांनी वापरले तरी ६,७०० रुपयांच्या आत भागतं, एफडीचं व्याज चालूच राहतं. एफडी मोडल्यावर एक टक्का कापला, तर ३१ महिन्यांचे पंधरा हजार गेले. शिवाय आठवी केमो येईपर्यंत मुदत भरतेच आहे.

ओव्हरड्राफ्टचे कागद मात्र पहिल्या केमोआधी करा. नंतरच्या केमोत पॅक्लिटॅक्सेल हे औषध असेल, तर बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, पेन नीट धरवत नाही. सही जुळली नाही की बँक कागद परत करते, आणि तेव्हा आईला काउंटरपर्यंत नेणं सोपं नसतं. ओव्हरड्राफ्टची रक्कम तुमच्या दोघांच्या जोडखात्यात येईल, आणि त्यावर दोघांपैकी कोणाचीही एक सही चालेल, असं लिहून घ्या.

आता त्या जोडखात्यात नेहमी पन्नास हजार ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. जवळचं रुग्णालय योजनेत नसेल, तर दारातच डिपॉझिट मागतील. फोन बदलला असेल तर नव्या फोनवर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा तुटपुंजी असते, म्हणून डेबिट कार्ड फाईलमध्येच ठेवा, शेवटच्या रक्ततपासणीसोबत.

पेशी वाढवायचं इंजेक्शन पॅकेजबाहेर निघालं, तर इंदूरच्या दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या बाजारपेठेत, दोन-तीन दुकानांत भाव विचारा, कंपनीगणिक किंमत बरीच बदलते. पण ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावं लागतं. बर्फाचा डबा घेऊन जा, इंजेक्शन थेट बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की वाया जातं. बाहेरून आणलेलं टोचतील का, हे वॉर्डात आधी विचारा.

एसआयपी हवी तर सहा महिने थांबवा. एलआयसीला हात लावू नका.