वाचक विचारतात: वर्षाच्या गव्हाची कोठी नव्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवायची?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही रामबागेत सासऱ्यांच्या जुन्या घरात राहतो, आता वाटण्या झाल्या म्हणून आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगी असे चौघं बायपासकडे टू बीएचके बघतोय. ब्रोकर म्हणतो 1150 स्क्वेअर फूट आहे, भरपूर जागा, पण आत उभं राहिल्यावर मला तसं काही वाटलं नाही. सासूबाईंना वर्षाचा गहू कोठीतच भरायचाय, शिवाय पितळेची भांडी, महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि सगळं सामान, रजया. मिस्टर म्हणतात अटाला (भंगार) आहे, विकून टाका. काय करू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: विकू नका, आधी मोजा. तुम्हाला जे वाटलं ते बरोबरच आहे, कारण 1150 हा सुपर बिल्टअप आकडा असणार, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी यातला तुमच्या नावचा वाटाही त्यात धरलेला. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, तिच्यावर 40 टक्के लोडिंग, म्हणजे हा बाहेरचा वाटा, धरलेलं असेल तर 1150 चे हातात साधारण 820 उरतात, आणि संसार त्या 820 मध्येच मांडायचाय. 2016 च्या रेरा कायद्यात (बिल्डर आणि घरखरेदीचे नियम सांगणारा कायदा) कार्पेटची व्याख्या दिलेली आहे, आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत. ब्रोकरला सांगा मला फक्त कार्पेटचा आकडा लिहून द्या, आणि तोच मध्य प्रदेश रेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताडून बघा.

दुसऱ्यांदा फ्लॅट बघायला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या आणि मेजरिंग टेप न्या. घरातल्या मोठ्या वस्तूंची मापं आधीच एका कागदावर लिहून ठेवा, कोठी, गोदरेजचं कपाट, फ्रिज, देवघर. दोन क्विंटल गव्हाची कोठी म्हणजे दोन फूट व्यास आणि तीन फुटांच्या थोडी वर उंची, ती काही हत्तीएवढी नसते, पण भरल्यावर दोनशे किलोच्या वर जाते म्हणून ती लॉफ्टवर किंवा कपाटावर ठेवायचा विचारच नको, जमिनीवरच हवी. वॉश एरियात नको, तिथे ओल असते. बाथरूमच्या भिंतीला टेकवून नको, बाहेरच्या भिंतीला पण नको कारण पावसाळ्यात ती गार आणि दमट होते. मधल्या पॅसेजचं टोक किंवा बेडरूमच्या दारामागचा कोपरा बघा, खाली लाकडी पाट नाहीतर चार इंचाचा स्टँड, आणि भिंतीपासून वीतभर लांब.

गहू भरण्याआधी कडक उन्हात वाळवायचा, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत घालायचा, गरम गहू झाकला की आत घाम धरतो आणि तिथूनच किडा लागतो. एरंडेलाचा हात लावा, वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. आणि हे मी फार कळकळीने सांगतेय, कोणी कितीही सांगो, सल्फासची गोळी घरातल्या धान्यात टाकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, ती गोदामासाठी आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच वापरायची वस्तू आहे, बंद फ्लॅटमध्ये त्याने झोपेतच माणसं गेलेली आहेत. सासूबाईंना हे समजावून सांगा, जुन्या घरात खोल्या मोकळ्या, चौक उघडा, तिथे वारा खेळायचा, इथे रात्री एसी लावून सगळी दारं बंद असतात.

यावरून आठवलं, गच्चीचं नक्की विचारा. गहू, पापड, कुरडया वाळवायला गच्ची लागते आणि बऱ्याच बिल्डिंगमध्ये तिला कुलूप असतं. रेरा कायद्याने गच्ची कॉमन एरियात धरलीय, त्यामुळे "ती वरच्या फ्लॅटवाल्याची आहे" असं कोणी म्हणालं तर मंजूर नकाशात दाखवा म्हणा.

बाकी सामान सोपं आहे. महालक्ष्म्यांचं सगळं, मुखवटे, साड्या, दागिने, एकाच पेटीत, मुखवटे सुती कापडात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात नाव, आणि लॉफ्टच्या पुढच्या बाजूला, कारण दरवर्षी काढायची आहे. पितळेतलं रोजच्या वापराचं खाली, बाकी नणंद-जावांना विचारून वाटून टाका, भंगारात देऊ नका. रजया बेडच्या बॉक्समध्ये, पण पावसाळा संपला की एकदा ऊन दाखवाच. ओट्याखाली कचऱ्याच्या डब्यांची जागा सुताराकडून आधीच करून घ्या, इंदुरात ओला-सुका वेगवेगळा द्यावाच लागतो आणि डबे दोनवर थांबत नाहीत.

आणि पाणी! बायपासकडे नर्मदेची लाइन आलीय की बोअरिंगवर चालतं, हे बिल्डरला नाही, वॉचमनला आणि तिथे राहणाऱ्या बायकांना विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात म्हणून. पैशांचं एवढंच सांगते की रजिस्टर्ड अॅग्रीमेंट होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि कंप्लिशन सर्टिफिकेट मिळालेला फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही.

प्रश्न: शहराबाहेर एका नव्या कॉलनीत स्वस्तात प्लॉट मिळतोय, विकणारा म्हणतो आत्ता नोटरी करून घ्या, रजिस्ट्री नंतर होईल. ओळखीतला माणूस आहे. घेऊ का? (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर: नका घेऊ दादा. नोटरीच्या कागदाने जमीन तुमच्या नावावर होत नाही, त्याला रजिस्ट्रीच लागते, आणि नुसत्या पॉवर ऑफ अॅटर्नीवर मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट सांगितलंय. "रजिस्ट्री नंतर" याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो की आत्ता ती होऊच शकत नाही, डायव्हर्जन (शेतजमीन घरांसाठी बिगरशेती करणं) झालेलं नाही किंवा टाउन अँड कंट्री प्लॅनिंगकडून लेआउट पास नाही. अशा कॉलनीत पुढे रस्ता, ड्रेनेज, नळ, बँकेचं लोन, सगळ्यालाच अडतं. ओळखीचा आहे तर उलट बरंच आहे, त्याच्याकडे डायव्हर्जनचा कागद, पास झालेला लेआउट आणि रेरा नंबर या तिन्हीच्या कॉपी मागा, खरे कागद असतील तर तो दुसऱ्या दिवशी आणून देईल. तोपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका, आणि दिलंच असेल तर कॅशची पावती लिहून घ्या आणि एखाद्या वकिलाला सगळे कागद दाखवा.