हलक्या थंडीतला बंब

भाऊ, अंघोळीचं पाणी तापवायला नवा बंब घेतलात, छान केलंत. पण आपल्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीची काही कडाक्याची पहाट सोडली, तर थंडी हलकीच. तेव्हा बंब ठासून भरायची गरजच नाही. वीस लिटर पाणी २२ वरून ४२ अंशांवर न्यायला अर्धा किलो वाळलेलं लाकूड पुष्कळ झालं.

नवीन माणूस काय करतो, तर मोठं ओंडकं टाकतो आणि पाणी उकळू नये म्हणून खालची हवा दाबतो. मग लाकूड नुसतं धुमसतं, नळकांड्याला, म्हणजे धूर वर नेणाऱ्या मधल्या नळीला, आतून चिकट काजळी धरते आणि शेजारीण भांडायला येते ती वेगळीच. जाळ लहान ठेवा, पण खणखणीत ठेवा. बाहेरची हवा उबदार असली की नळकांड्याची ओढही मंद पडते. म्हणून सुरुवातीला मूठभर पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या भडकवून नळकांडं तापू द्या. धूर सरळ वर जायला लागला की मनगटाएवढ्या बाभळीच्या दोन-तीन ढलप्या सोडा. निखारे झाले की पुढे काही घालू नका, तेवढ्यावर पाणी तापतं.

जाळीखालची राख रोज काढा. लाकूड पावसाळ्याआधीच फोडून छपराखाली रचा. ओलं असेल तर बरीच आग त्यातलं पाणी आटवण्यातच जाते.

आणि पाणी नसलेल्या रिकाम्या बंबात काडी लावायची नाही, सांध्यांचे डाग उकलतात. बंद न्हाणीत तर तो पेटवायचाच नाही, अंगणातच बरा.