एकतर्फी हुकूमनामा झालाय आणि समन्स मिळालंच नव्हतं, तर काय करायचं

तुमच्या वडिलांवर हातउसन्या पैशांचा दावा झाला, समन्स हातात पडलंच नाही आणि आता एकदम दरखास्तीची, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा (निकाल) अंमलात आणण्याची, नोटीस आलीय, घर जाणार का असं विचारलंय तुम्ही. लगेच जात नाही, पण बसून राहू नका, मुदत चालू झालीय.

समन्स बजावलं की 30 दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची असते, कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण तारखेला कुणी उभंच राहिलं नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (CPC) ऑर्डर 9 रूल 6 खाली दावा एकतर्फी, म्हणजे तुमची बाजू न ऐकता, चालतो. तरी वादीला पुराव्याचं अ‍ॅफिडेव्हिट, कागदपत्रं द्यावीच लागतात, नुसता दावा दाखल केला म्हणून निकाल मिळत नाही.

तुमचं सगळं आता बेलिफच्या (समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या) अहवालावर आहे. उद्याच वकील गाठा, फाइल बघायचा अर्ज टाका आणि त्या अहवालाची सर्टिफाइड कॉपी मागा. सही कुणाची आहे ते बघा. वडील घरी नसताना घरातल्या सज्ञान माणसाने समन्स घेतलं असेल तर बजावणी धरतात, घरकामाच्या माणसाने घेतलं तर कायद्याने तो कुटुंबातला नाही. दाराला चिकटवलं असं लिहिलं असेल तर घर कुणी दाखवलं, कुणासमोर चिकटवलं, त्यांची नावं-पत्ते त्यात हवेत, बऱ्याचदा इथेच ढिलाई सापडते. वडील त्या काळात तुमच्याकडे पुण्यात होते म्हणताय, तर दवाखान्याचे कागद, बँकेच्या नोंदी असं जे काही सापडेल ते गोळा करा.

मग त्याच कोर्टात ऑर्डर 9 रूल 13 चा, म्हणजे एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा, अर्ज द्यायचा आणि सोबत दरखास्तीला स्थगितीचा. मुदत हुकूमनाम्यापासून 30 दिवस, पण समन्स नीट बजावलेलं नसेल तर निकाल कळला त्या दिवसापासून मोजतात, म्हणून नोटिशीचं पाकीट फेकू नका, शिक्क्यावरची तारीख कामाला येईल. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज जोडा.

एक सांगतो, वडिलांना तारीख माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळही होता असं निघालं तर बजावणीतल्या बारीक चुकीवर हुकूमनामा रद्द होत नाही, त्यामुळे वकिलाला खरं काय ते सगळं सांगा. अर्ज मंजूर करताना कोर्ट खर्च किंवा काही रक्कम भरायला सांगू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

अपिलाचा रस्ताही आहे, त्याच संहितेच्या कलम 96(2) खाली. पण अपील मागे घेण्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कारणाने निकाली निघालं तर रूल 13 चा अर्ज मग चालत नाही, आणि तुमची तक्रार समन्सचीच आहे, म्हणून आधी रूल 13 चाच अर्ज द्या.