मूससाठी कोणते कॅलिबर पुरते? स्वीडनला येऊ घातलेल्या एका वाचकास उत्तर

पुढच्या वर्षी तुम्ही कुटुंबासह स्वीडनला येत आहात, नव्या कचेरीतले सहकारी दर शरदात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीला जातात, त्यांच्या तुकडीत सामील होण्याची तुमची इच्छा आहे आणि जनावराला यातना होऊ नयेत म्हणून .३०० विंचेस्टर मॅग्नम ही अधिक जोरकस रायफल घ्यावी की .३०८ पुरेल, असे तुम्ही विचारले आहे. शिकारी परीक्षा, परवाना, शस्त्राचे कपाट यांविषयी सरकारी पत्रकांत सगळे आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की .३०८ निश्चित पुरते, आणि योग्य गोळी वापरल्यास ६.५×५५ हे कमी धक्क्याचे काडतूससुद्धा पुरते. हे सांगून थांबता आले असते, पण या प्रश्नाने माझ्या मनातले बरेच काही ढवळून निघाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इथला कायदा कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा, आकडा पाहत नाही, गोळीचे वजन आणि १०० मीटरवर उरलेली ऊर्जा पाहतो. मूस, अस्वल, लाल हरीण आणि रानडुक्कर ज्या पहिल्या वर्गात येतात त्यासाठी ९ ते १० ग्रॅमच्या गोळीला किमान २७०० ज्यूल लागतात, मात्र गोळी १० ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर २००० ज्यूल पुरतात. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हलकी, वेगवान गोळी कागदावर फार बलवान दिसते. पण मोठ्या जनावराच्या फासळ्या भेदून आत खोलवर जायला वजन लागते, आणि म्हणून जड गोळीला ही सवलत आहे. ६.५×५५ मधून १०.१ ग्रॅमची गोळी १०० मीटरवर सेकंदाला ७०० मीटर वेगाने पोहोचली तर तिची ऊर्जा सुमारे २४७५ ज्यूल भरते, म्हणजे ती नियमात बसते. त्याच रायफलीतून ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७५० मीटर वेगाने तिथवर पोहोचली तरी २५३१ ज्यूलच भरतात आणि ती अपुरी ठरते. त्यामुळे रायफल निवडण्याआधी काडतूस निवडावे, आणि पेटीवर छापलेले वजन व १०० मीटरची ऊर्जा स्वतः वाचावी.

तुम्ही जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीचा दाखला दिला आहे. ते काडतूस म्हणजे ७×५७ माउझरच, आणि त्याच जातीच्या रायफलीने वॉल्टर बेलने आफ्रिकेत कित्येक हत्ती मारले हेही खरे. परंतु बेल न पसरणारी भरीव गोळी अचूक मेंदूत घालत असे, आणि कॉर्बेट नरभक्षकांच्या मागे जाताना .४५०/४०० या जड काडतुसाची दुनळीही वापरत असे. थोरांच्या उदाहरणांवरून लहान कॅलिबरला मोकळे रान मिळत नाही. त्यांच्यापासून घेण्यासारखे एवढेच की गोळी नेमकी कुठे बसते यावर जनावराच्या यातना ठरतात. ऊर्जेने जनावर मरत नाही. फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाटून रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, म्हणून ते मरते. ४००-५०० किलोचा नर मूस दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेल्यावरही काही क्षण उभा राहू शकतो किंवा झाडीत पन्नास-शंभर पावले जातो. ते पाहून कॅलिबर कमी पडले असे समजू नये. तो उभा असेल तर ताबडतोब दुसरी गोळी घालावी.

आता जे सांगतो ते तुम्हाला कोणी सांगणार नाही. परक्या देशातून येऊन तुकडीत दाखल होणाऱ्याला मोठ्या रायफलीची ओढ वाटते, कारण आपण इथे पाहुणे नाही हे तिच्याकरवी सिद्ध करावेसे वाटते. मलाही ती ओढ तीव्रतेने वाटली होती. आमच्या तुकडीत माझ्यासारखाच बाहेरून आलेला एक जण .३०० मॅग्नम घेऊन आला. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने तो चाप ओढताना डोळे मिटत असे, आणि सराव तर त्याने जवळपास सोडूनच दिला होता. त्याची गोळी मूसच्या पोटात बसली. फुप्फुसातले रक्त तांबडे-गुलाबी आणि फेसाळ असते; आम्हाला शेवाळावर जे सापडले ते काळपट होते आणि त्यात चघळलेल्या पाल्याचे हिरवट कण होते. अशा वेळी लगेच पाठलाग केला तर जनावर मैलोगणती पळते, म्हणून कित्येक तास थांबावे लागते. त्या थांबण्याच्या काळात कोणी कोणाशी बोलत नव्हते. माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा दोन तासांत जागेवर आणता आला पाहिजे, असा इथे नियम आहे, आणि त्या कुत्र्यामुळेच तो मूस अखेर सापडला. ऊर्जेचे आकडे पाहिले तर त्याच्या रायफलीत कशाचीच कमतरता नव्हती.

परवान्याबद्दल एकच गोष्ट, कारण ती अजून सलते. इथे प्रत्येक शस्त्राला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे कॅलिबरचा निर्णय अर्जापूर्वीच व्हावा लागतो. माझा अर्ज दीर्घकाळ पडून राहिला. एकदा दिलेले कागद पुन्हा मागवले गेले, आणि माझ्या जन्मदेशात शिकारीला बंदी असताना मला रायफल कशासाठी हवी, असे मला दोनदा लेखी समजावावे लागले. भारतात १९७२ च्या कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदी मला पटते. इथे जंगलाच्या हिशेबाने किती मूस कमी करायचे ते ठरवले जाते, तेही पटते. या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात हे त्या अर्जातल्या दोन ओळींच्या चौकटीत बसेना. तो हंगाम हातचा गेला. त्या महिन्यांत मी क्लबच्या रायफलीने ८० मीटरवरच्या पळत्या मूसच्या लक्ष्यावर सराव करत राहिलो, आणि मला झेपते ते ६.५ हे तिथेच उमगले.

शाळेचेही लिहितो. ऑक्टोबरात शिकारीचा पहिला आठवडा सुरू झाला तेव्हा मुलीच्या वर्गातल्या दोन मुलांना वडिलांबरोबर जायला रजा मिळाली. माझ्या मुलीची रजा नाकारताना, तुमच्याकडे ही परंपरा नाही, असे सांगण्यात आले. तिने पुढे कधी तो विषय काढला नाही. मी मात्र ते विसरू शकलेलो नाही. त्या शनिवारी ती माझ्याबरोबर आली, सोललेल्या मूसच्या फासळीतल्या छिद्रात तिने बोट घालून पाहिले आणि त्याला किती वेळ दुखले असेल, असे विचारले. मी तिला खरे ते सांगितले: काही सेकंद. तिच्यासमोर हे उत्तर खोटे ठरू नये, एवढ्याचसाठी मी आजही नेमबाजीच्या मैदानावर जातो.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारले आहे. तो असतो आणि कामात बुडाले की सुसह्य होतो. मी जनावर मारतो हे आईला मात्र अजून सांगू शकलेलो नाही.

तेव्हा, तुमचा खांदा आणि मन दोन्ही धक्क्याला सरावलेले नसतील तर ६.५×५५ घ्या आणि १० ग्रॅमहून जड, आत शिरताना न फुटता पसरणारी गोळी वापरा. शिसे नको म्हणून तांब्याची गोळी घ्यायची असेल तर .३०८ किंवा त्याच जाडीची .३०-०६ सोयीची, कारण तांबे शिशाहून हलके असते आणि नीट पसरायला त्याला वेग लागतो. पहिली काही वर्षे १०० मीटरपलीकडे चाप ओढू नका, आणि जनावर तुमच्याकडे कूस करून उभे नसेल तर ते जाऊ द्या. तुकडीतले जाणते लोक त्यासाठी तुम्हाला कधीही बोल लावणार नाहीत. छोट्या रो हरणाला कायद्याने ३.२ ग्रॅमची गोळी आणि ८०० ज्यूल पुरतात, पण त्यासाठी दुसरी रायफल घेण्याची गरज नाही, त्याच ६.५ ने तेही काम होते आणि दुसऱ्या परवान्याचा खटाटोप वाचतो.