वाचक विचारतात : पालवीआधीचा मेपलचा रस

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सुपीरिअर सरोवराकाठच्या डुलुथ शहरात राहते. मार्चअखेरीस मी तिच्याकडे गेलो, तेव्हा जमिनीवर बर्फ होता आणि झाडांवर एक पान नव्हते. तरीही तेथील लोक ‘वसंत आला’ म्हणत मेपलच्या खोडांना भोके पाडून बादल्या अडकवीत होते. आमचे घर गुऱ्हाळाचे, म्हणून विचारतो. पालवी फुटण्याआधीच गोड रस येतो कसा? आणि दरवर्षी भोके पाडून झाड मरत नाही का?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आपल्याकडे वसंत म्हणजे पालवी आणि आंब्याचा मोहोर, म्हणून ही शंका येणे साहजिक आहे. सुपीरिअरच्या परिसरात मात्र ऋतुबदलाची पहिली हालचाल खोडाच्या आत होते. साखर-मेपल हे झाड उन्हाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न पिष्टाच्या रूपात लाकडात साठवते आणि थंडीत त्यातील काही पिष्टाची पुन्हा साखर होते. मार्चमध्ये बादलीत ठिबकते ती गेल्या उन्हाळ्याची शिल्लक.

ती बाहेर येण्यासाठी थंडी आणि ऊब यांची पाळी लागते. मेपलच्या लाकडातील तंतुपेशींत पाण्याऐवजी बहुतांशी वायू असतो. रात्री पारा शून्याखाली गेला की हा वायू आकसतो, आत बर्फ धरतो आणि मुळांकडून पाणी वर ओढले जाते. दिवसा पारा शून्याच्या चार-पाच अंश वर चढला की बर्फ वितळतो, कोंडलेला वायू फुगतो आणि त्या दाबाने रस भोकावाटे बाहेर पडतो. सलग गारठा राहिला तर रस थांबतो आणि सलग ऊब राहिली तरीही थांबतो, त्यामुळे सारा हंगाम जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा असतो.

भोक साधारण ८ मिलिमीटर रुंद आणि ४ ते ५ सेंटिमीटर खोल असते, आणि खोड किमान २५ सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय ते पाडत नाहीत. एवढी जाडी यायला बहुधा ४० वर्षे लागतात. झाड जखमेभोवतीचे लाकूड आतून बंद करून टाकते आणि वरून नवी साल धरते. त्या बंद लाकडातून पुन्हा रस येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी जागा बदलावी लागते. हे पथ्य पाळले तर एकच झाड पिढ्यानपिढ्या रस देते. हावरेपणाने एकाच खोडाला चार-चार भोके पाडणाऱ्यांबद्दल मात्र हे म्हणता येणार नाही.

आपण गुऱ्हाळवाले, तेव्हा पुढचा हिशेब आपल्याला चटकन कळेल. उसाचा रस तोंडाला लावताच गोड लागतो. मेपलच्या रसात साखर सुमारे २ टक्केच, आणि तो दिसतो पाण्यासारखा. म्हणून १ लिटर पाकासाठी जवळपास ४० लिटर रस आटवावा लागतो, आणि एका भोकातून अख्ख्या हंगामात साधारण तेवढाच रस मिळतो. आपल्याकडे काहिलीतला फेस बसवायला तेलाचे थेंब टाकतात, तिकडे लोण्याचा गोळा किंवा सायीचा थेंब टाकतात. फेस तसाच झटकन खाली बसतो. आपला गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी पाहतो, तर तिकडे तापमापक पाहतात. उकळत्या पाण्यापेक्षा पाक सुमारे ४ अंश जास्त तापला की साखर ६६ टक्क्यांवर पोचते. त्याआधी उतरवला तर तो आंबतो, उशीर झाला तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात.

ही विद्या तेथील मूळ रहिवाशांची. ओजिब्वे लोक युरोपीय येण्यापूर्वीपासून भूर्जाच्या सालीच्या भांड्यांत रस धरीत आणि वर्षभर टिकावा म्हणून बहुतेक पाकाची कोरडी साखर करीत. त्यांच्या एका महिन्याचे नावच ‘इस्किगामिझिगे गीझिस’, म्हणजे रस आटवण्याचा चंद्र. आजही ओजिब्वे कुटुंबे आपापल्या मेपलच्या राईत हा हंगाम साजरा करतात.

डबक्यांत बेडूक ओरडू लागले आणि फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि बादल्या उतरवल्या जातात. म्हणजे आपण ज्याला वसंत म्हणतो, तो आला की त्यांचा हा हंगाम संपतो.

प्रश्न : मुलीने दिलेला पाक काळपट आहे. तो जुना किंवा जळका असेल का?
— तेच वाचक

उत्तर : तसे समजू नये. हंगामाच्या सुरुवातीचा पाक सोनेरी आणि सौम्य असतो, शेवटचा गडद आणि उग्र. काकवी खाणाऱ्यांना बहुधा गडदच आवडतो. वेष्टनावर घटक म्हणून फक्त मेपलचा पाक लिहिलेला आहे ना, एवढे पाहावे, कारण तिकडे मक्याच्या साखरेत मेपलचा स्वाद घालूनही बाटल्या विकल्या जातात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर ठेवली तर वर बुरशी धरते.